पाणी कुठं मुरतंय?

शंकाराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त लायसनवर उरलं होतं. गल्लीत, गाड्यांच्या अड्ड्यावर, पेट्रोल पंपावर, सगळीकडे ते शंकाराव. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग यायचा नाही. उलट म्हणायचे, "शंका घेतो म्हणून टिकलोय. तुम्ही घेत नाही, म्हणून दर वेळी फसता."

धंदा भाड्याच्या गाडीचा. गाडी स्वतःची आणि चालवणारेही स्वतःच. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं तर नावच काढू नका. पंपावर एक डोळा आकड्यांवर आणि दुसरा नळी धरणाऱ्याच्या हातावर. दूध आलं की आधी बोटावर थेंब घेऊन बघणार. बायकोनं सहज विचारलं, "आज लवकर आलात?" तर हे म्हणणार, "का? कुणी येणार होतं?" ती बिचारी कपाळाला हात लावायची आणि हसायची. दुसरी कुणी असती तर केव्हाच माहेरी गेली असती, असं सगळी गल्ली म्हणायची. आणि खरंच आहे ते!

कुठलीही गोष्ट कानावर आली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मान तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "कुठंतरी पाणी मुरतंय."

आणखी एक सवय होती, ती लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. गाडीची किल्ली त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली असायची. गाडी थांबली रे थांबली की इंजिन बंद, किल्ली बाहेर, किल्ली गळ्यात. चाक पूर्ण थांबायच्या आधीच हात किल्लीवर गेलेला असायचा. कुणाला नुसता पत्ता विचारायचा असला तरी तेच. तरुणपणी कधीतरी अड्ड्यावरच्या टवाळांनी त्यांची चालू गाडी वळणापलीकडे नेऊन लपवली होती आणि ते वेड्यासारखे रस्ताभर धावले होते, एवढंच लोकांना माहीत होतं. अजून कुणीतरी तो किस्सा काढून हसायचं. शंकाराव हसायचे नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

त्यांना एकच लेक. तिनं लग्न ठरवलं ते एका गॅरेजवाल्याशी. तेव्हा शंकारावांनी त्या मुलाच्या गॅरेजसमोरच्या बाकावर किती सकाळी काढल्या त्याचा हिशेब नाही. गिऱ्हाइकांशी कसा बोलतो, हात कधी धुतो, कुणाला बघून हसतो, सगळं बघितलं. वावगं काहीच सापडलं नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त शंका आली. जावई मुळात अबोल. दहा शब्दांचं काम दोन शब्दांत उरकणारा. "एवढं कमी बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो," हे बायकोला सांगून त्यांनी लग्नाला होकार दिला. लेक रडेल या भीतीनं दिला, खरं सांगायचं तर.

लग्नानंतर लेक गॅरेजला लागूनच असलेल्या पार्टच्या दुकानात बसू लागली. गिऱ्हाईक कितीही असो, संध्याकाळ झाली की ती वडिलांना फोन करायची. "बाबा, पोचलात का घरी?" एवढंच विचारायची. शंकाराव म्हणायचे, "माझ्यावर पाळत ठेवते." पण फोनची वेळ झाली की जेवायला बसायचे नाहीत. फोन शेजारी ठेवायचे, वाजला की दोन वेळा वाजू द्यायचे आणि मग उचलायचे, म्हणजे वाट बघत होतो असं वाटायला नको.

जुनी डिझेल गाडी म्हातारी झाली तेव्हा त्यांनी एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. काही महिन्यांत तिचा टर्बो शिट्टी मारायला लागला. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापल्या धुरानं एक पंखा फिरतो आणि दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडीला जोर येतो, पण टर्बो तापून लाल होतो. जावयानं झिजलेला टर्बो काढून नवा बसवला. गाडी फुलासारखी चालायला लागली. शंकारावांनी घरी येऊन बॉनेट उघडलं, टॉर्च घेतला, आणि डोळे बारीक केले.

टर्बोला दोन जादा पाइप जोडले होते. जुन्या टर्बोला तिथं नुसती बुचं मारलेली होती. हे पाइप रेडिएटरच्या पाण्यातून येत होते.

"हे काय?" त्यांनी दुसऱ्या दिवशी जावयाला विचारलं.

"पाणी," जावई म्हणाला.

"ते दिसतंय मला. टर्बोला तेल असतं, पाणी कशाला? माझ्या डिझेल गाडीच्या टर्बोनं जन्मात पाण्याचा थेंब बघितला नाही. शेवटपर्यंत ठणठणीत होता."

जावई पान्हा पुसत राहिला. काहीतरी बोलणार होता, ते त्यानं गिळलं. मग म्हणाला, "राहू द्या बाबा. तुमच्या गाडीला लागतं."

तुमच्या गाडीला! शंकारावांच्या कानात तो शब्द किड्यासारखा शिरला. इतरांच्या गाडीला लागत नाही, माझ्याच गाडीला लागतं? रात्रभर... छे, रात्रभर कसली, जेवतानाच त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. आज दोन पाइप लावले, उद्या एक गळेल. मग गाडी कुणाच्या दारात? जावयाच्या. म्हणजे सासऱ्यानं आयुष्यभर जावयाच्या ओंजळीनं पाणी प्यायचं!

"अहो, तुमचा जावई आहे तो," बायको म्हणाली.

"म्हणूनच," शंकाराव म्हणाले.

मग त्यांनी बायकोची नेलपॉलिश घेतली आणि रेडिएटरच्या पाण्याच्या पांढऱ्या टाकीवर, पातळीच्या बरोबर, एक लाल रेघ मारली. चार दिवसांनी बघतात तर पाणी रेघेच्या बोटभर खाली! शंकाराव त्या दिवशी इतके खूश झाले की बायकोला वाटलं लॉटरीच लागली. "बघ! अक्षरशः पाणी मुरतंय!" नव्या पाइपात हवा अडकलेली असते, ती निघाली की पातळी एकदा जराशी उतरते आणि मग जागेवर राहते, हे कुणीही गॅरेजवाला सांगू शकला असता. पण विचारायला हवं ना! आणि पुढं पातळी हलली नाही, ते त्यांनी बघितलंच नाही. पुरावा हातात आल्यावर कोण बघतो?

विचारलं त्यांनी, पण कुणाला? तर नाक्यावरच्या फिटरला. या फिटरला सगळे होयबा म्हणायचे. गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला होय. ब्रेक गेला म्हणालात तर ब्रेक गेला, क्लच गेला म्हणालात तर क्लच. आणि गंमत बघा, साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाचा एवढ्या मोठ्या जगात विश्वास बसला तो नेमका होयबावर. कारण काय, तर तो त्यांना कधी नाही म्हणाला नव्हता.

"काय रे, टर्बोला पाणी लागतं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"नाही लागत."

"होय, नाहीच लागत," होयबा म्हणाला. "तेल बास होतं. काढून टाकू?"

पाइप निघाले, बुचं बसली. वर झाकण लागल्यावर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. शंकारावांनी लेकीला सांगितलं नाही. कशाला उगाच, असं स्वतःला म्हणाले.

बरेच दिवस काही झालं नाही आणि शंकाराव मिशीत हसत होते. मग एका दुपारी ते भाडं घेऊन मोठा चढ चढून आले. गाडी भरलेली, ऊन रणरणतं. प्रवासी उतरले तशी त्यांनी सवयीनं किल्ली फिरवली आणि गळ्यात टाकली. तासाभरानं गाडी सुरू केली तर आतून कुणीतरी पातेलं खरवडावं तसा आवाज आला आणि मागून निळा धूर. अर्ध्या रस्त्यात गाडीचा जोरच गेला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. शंकारावांच्या तोंडचं पाणी पळालं.

पण तेवढ्यापुरतंच. गॅरेजात गाडी ओढत नेईपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. गिऱ्हाइकं उभी होती, कामगार होते, लेक दुकानाच्या खिडकीत होती. शंकारावांनी गाडीतून उतरता उतरताच तोफ डागली. "वा, जावईबापू! नवा म्हणून जुना टर्बो मारलात ना गळ्यात? घरच्या माणसालाच टोपी?"

जावयाच्या तोंडावर पहिल्यांदा लाली आली. तरी आवाज न चढवता म्हणाला, "बॉनेट उघडू द्या. बघतो."

"हात लावायचा नाही!" शंकारावांनी बॉनेटवर तळहात दाबून धरला. आत काय दिसेल ते त्यांना पक्कं माहीत होतं. पाइपाचा आणि बिघाडाचा काही संबंध नाही अशी त्यांची खात्री होती; पण हा लबाड सगळं खापर त्या पाइपावर फोडणार, अशीही खात्री होती. बॉनेट तापलेलं होतं, हात भाजत होता, तरी काढला नाही.

लेक बाहेर आली. "बाबा, उघडू द्या ना. का नाही?"

"मी सांगतो म्हणून."

तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं. मग तोंडाकडे. काहीतरी तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम उतरला. "चारचौघांत त्याला चोर म्हणालात," ती म्हणाली. "आता मला फोन करू नका. मीही करणार नाही."

आणि आत निघून गेली.

गाडी होयबाकडे गेली. त्यानं टर्बो उघडला. आतलं तेल करपून, कढईच्या बुडाला बसतं तसं काळं कडक झालेलं, आणि दांडा त्यात चिकटून झिजलेला. "मालच खराब होता ना रे?" शंकारावांनी विचारलं. "होय, मालच खराब," होयबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा शंकारावांना त्या होयचं समाधान वाटलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन उलटा करून बघितला, झटकला, आणि बायकोला म्हणाले, "बिघडलाय. तू लावून बघ बरं तुझ्यावरून." तिनं लावला. त्यांच्या हातात तो ठणाणा वाजला. दोघं त्या वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिली. "फोन बरा आहे," बायको म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. ती त्या दिवशी हसली नाही. शंकारावांना जेवण गेलं नाही. लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस संपतच नाही हे त्यांना तेव्हा कळलं, आणि फार जाचलं.

आता एकच उपाय होता. जावयाला रंगेहाथ पकडायचं. जुने पार्ट नवे म्हणून लावताना पकडला की लेकीचे डोळे उघडतील आणि ती परत बोलायला लागेल. गॅरेजच्या शेजारी टायरचं दुकान होतं, मधे फक्त पत्र्याची भिंत. टायरवाला जुना ओळखीचा. शंकाराव जाऊन टायरांच्या थप्पीमागं स्टूल टाकून बसले. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या दिवशी त्या भिंतीला शंकारावांचा कान होता.

बराच वेळ नुसती ठोकाठोक ऐकू आली. मग एक गिऱ्हाईक आलं, बडबडं. "माझ्याही टर्बोला पाण्याचे पाइप लावून द्या हो. सासऱ्यांच्या गाडीला लावले होते ना तुम्ही?"

"तुम्ही लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करता?" जावयाचा आवाज.

"नाही. दोनएक मिनिटं चालू ठेवतो. मग करतो बंद."

"मग तुमच्या या टर्बोला नकोत. याचं तेलावर भागतं. तेल फिरत राहतं, टर्बो निवतो. गाडी झटक्यात बंद केली तर तेल जागच्या जागी थांबतं आणि आत करपतं. पाणी असलं की इंजिन बंद झाल्यावरही ते आपोआप फिरत राहतं, गरम वर, गार खाली. तेवढ्यात टर्बो निवतो."

एवढं लांब बोलणं शंकारावांनी जावयाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कान पत्र्याला आणखी चिकटवला.

"मग सासऱ्यांनाच सांगायचं की, दोन मिनिटं चालू ठेवा म्हणून," गिऱ्हाईक म्हणालं. "त्यात काय एवढं? सगळा गाव हसतो त्यांच्या त्या किल्लीला."

पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी नाही हसत," जावई म्हणाला. "ते टवाळ गाडी घेऊन गेले ना, तेव्हा मागच्या सीटवर माझी बायको झोपली होती. तान्ही होती. तिच्यासाठीच पाणी भरायला उतरले होते ते. त्या टवाळांना माहीत नव्हतं, त्यांची गंमत झाली. पण बाबांनी ती वळणापलीकडे सापडेपर्यंत काय भोगलं असेल? सासूबाईंनी सांगितलं मला. त्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू की गाडी चालू सोडत जा? म्हणून म्हटलं, त्यांची सवय राहू दे, आपण पाणी लावू."

टायरवाल्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं की शंकाराव थप्पीमागून उठले तेव्हा कपड्यांना टायरचा काळा रंग लागला होता आणि डोळे पुसल्यामुळे तोंडालाही. सांगणाऱ्यानं मीठमसाला लावला असेल. पण ते रडले, हे खरं. एवढी वर्षं डोळ्यात तेल घालून जगाकडे बघितलं आणि आपल्याकडे कुणी मायेनं बघतंय ते तेवढं दिसलं नाही!

ते बाहेर पडले ते थेट गॅरेजात शिरले. गिऱ्हाइकं होतीच. बरंच झालं. चोर म्हटलं होतं तेही चारचौघांतच.

"पाइप मी काढून घेतले होते," शंकाराव मोठ्यानं म्हणाले. "होयबाकडून. टर्बो चांगलाच होता. चूक माझी."

"माहीत आहे," जावई म्हणाला.

"माहीत आहे? कसं?"

जावयानं नुसतं दुकानाच्या खिडकीकडे बघितलं. होयबानं ती बुचं आणली होती ती त्याच दुकानातून. लेकीनं स्वतःच्या हातानं काढून दिली होती. कुणाच्या गाडीसाठी, ते तेव्हा तिला कळलं नव्हतं. बापाचा तळहात बॉनेटवर बघितला तेव्हा कळलं. अख्ख्या जगावर शंका घेणाऱ्या माणसाला, होयबा बुचं कुठून आणतो, एवढी साधी शंका आली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

लेक खिडकीत होती. तिनं सगळं ऐकलं. खाली मान घालून बेरिंगच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली.

"नवा टर्बो बसवतो," जावई म्हणाला. "पाइप लावायचे?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"होयबा झालात की तुम्ही," जावई म्हणाला आणि चक्क हसला. शंकारावांनाही हसू फुटलं, पण नजर खिडकीकडेच होती. खिडकीत चिठ्ठ्या चिकटवणं चालूच होतं.

गाडी दुरुस्त झाली. पाइप लागले. संध्याकाळी फोन मात्र मुकाच. बायको म्हणाली, "नुसतं चूक झाली म्हटलं की झालं का? तिला वाटत असेल, उद्या पुन्हा कशावर तरी शंका घ्याल." शंकारावांनाही तीच शंका होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ते लांबचं भाडं सोडून परत आले ते घरी न जाता लेकीच्या बिल्डिंगखाली गेले. गाडी उभी केली. हात सवयीनं किल्लीवर गेला. तिथंच थांबला. रस्त्यावर माणसं येत-जात होती. एक सायकलवाला उगाच गाडीकडे बघून गेला. शंकारावांना घाम फुटला. मग त्यांनी गळ्यातली रिकामी दोरी काढली, चालू गाडीच्या किल्लीला अडकवून तिथंच लोंबकळू दिली, दार लावलं आणि जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर एकदा थांबले. इंजिनाचा आवाज येत होता. पुढं चढले.

दार लेकीनं उघडलं. तिनं आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग गळ्याकडे. मोकळ्या गळ्यावर दोरीचा पांढुरका वळ तेवढा होता. तेवढ्यात तिला खालचा आवाज ऐकू आला.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "गाडी चालूच आहे तुमची! किल्ली?"

"गाडीत."

"अहो, कुणीतरी नेईल ना!"

"नेऊ दे. तू तर इथं आहेस," शंकाराव म्हणाले. आणि घाईघाईनं पुढं म्हणाले, "टर्बो निवतोय जरा. मला आधी पाणी दे."

तिनं ओठ घट्ट मिटले, मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली. खिडकीजवळ एक खुर्ची होती. शंकारावांनी ती फिरवली आणि रस्त्याकडे पाठ करून बसले.